त्या कागदावर एकटीची सही नको

बीड
दि. २९ जुलै २०२१

चि. प्राजू हीस अनेक आशीर्वाद.

तू पोचल्याचा निरोप दीपूच्या मोबाइलवर आला. ‘पोचले’, एवढंच. आईने विचारलं, अजून काय लिहिलंय, तर मी म्हटलं, तिकडे रेंज नसते, तेवढं आलं हेच खूप. तिला पटलं नाही हे तोंडावर दिसत होतं. तू गेल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे.

मी फोन मुद्दाम केला नाही. फोनवर आपण दोघं पुन्हा त्याच जागी येऊ, आणि मग रेंज गेली की राग वाटेतच राहतो. म्हणून पत्र लिहितोय. चौतीस वर्षं मी अहवालच लिहिले, घरच्या पत्राची सवय मोडली आहे. कुठे अहवालासारखं वाटलं तर सोडून दे.

एकादशीला तू ताटावरून उठलीस. आईने आदल्या रात्री साबुदाणा भिजवला होता, भगर आणि शेंगदाण्याची आमटी वेगळी केली होती, कारण तू तीन महिन्यांनी घरी आली होतीस. टीव्हीवर आधी पंढरपूर दाखवत होते, एसटीतून गेलेल्या पादुका, रिकामं वाळवंट. मग राज्यसभेची बातमी लागली. ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी वेगळं असं काही कळवलेलं नाही, असं केंद्राचं उत्तर. आणि मी, विचार न करता, जे तोंडात आलं ते बोललो: उत्तर खोटं नाही, फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही.

तू विचारलंस, “मग बापूकाका कुठल्या रकान्यात आहेत, अण्णा?”

नऊ दिवस झाले. बोरवेल चालू करायला अंगणात गेलो की तिथे ऐकू येतं, दाढी करताना ऐकू येतं. काकू त्या वेळी स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती, ते तुला दिसलं नव्हतं. मला दिसलं होतं.

मी जे म्हणालो ते नियमाने बरोबर आहे, हे तूही जाणतेस. मृत्यूच्या कारणाचा फॉर्म ४ तू डॉक्टर म्हणून स्वतः भरतेस. वरच्या ओळीत शेवटचं कारण, खाली ते कशामुळे झालं, त्याखाली मूळ आजार. तिथे ‘श्वसनक्रिया बंद’ येतं, ‘न्यूमोनिया’ येतं, ‘कोविड’ येतं. ‘सिलिंडर संपला, गाडी आली नाही’ असं कुठेच येत नाही. तो आजार नाही म्हणून येत नाही. पण हे सगळं सांगायची ती वेळ नव्हती आणि ते सांगणारा माणूस मी असायला नको होतो. बापूच्या उशाशी मीच बसलो होतो.

तुझा मुद्दा मी नंतर पुष्कळ घोळवला. तू म्हणालीस, सरकारनं पहिल्या दिवसापासून फक्त अंगावर येईल तेवढंच केलं आणि बाकीचं झाकलं. मी म्हणालो, सरकार म्हणजे एक माणूस नाही. दोघंही ओरडत होतो, त्यामुळे कोणाचंच नीट बोलून झालं नाही. आता माझं सांगतो.

गेल्या वर्षी मार्चात रात्री आठ वाजता सांगितलं आणि बारा वाजता देश बंद केला. चार तास. ज्याच्या घरात धान्याची कणगी आहे त्याला ते चालून गेलं. ज्याचं घरच पाठीवर आहे त्याचं काय, हा विचार कोणी केला नाही. करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले, ते जालन्याहून भुसावळकडे चालत निघाले होते. आपल्यापासून किती अंतर आहे करमाडचं? रुळांवर विखुरलेल्या त्या भाकरी पेपरात पाहिल्या आणि आईने दोन दिवस पेपर घरात येऊ दिला नाही. मी हे कधीच बरोबर म्हटलेलं नाही.

पण त्याच सरकारी नोकरांनी धारावीत काम केलं, तेही मी विसरू शकत नाही. अडीच चौरस किलोमीटरही नसेल, त्यात आठ-दहा लाख माणसं, ऐंशी माणसांना एक संडास. १ एप्रिलला पहिला पेशंट निघाला, तेव्हा मी आईला म्हटलं होतं, आता मुंबई गेली. तिथे पेशंट दवाखान्यात यायची वाट पाहिली नाही, लोक दारोदार गेले, ताप मोजला, संशय आला की माणसाला उचलून वेगळं ठेवलं आणि त्याच्या पोटाची सोय केली. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी नाव घेऊन कौतुक केलं. तू म्हणालीस, मुंबईतल्या तीन वॉर्डांच्या सर्व्हेत झोपडपट्टीतल्या शंभरातल्या सत्तावन्न जणांत अँटीबॉडी निघाल्या, मग थोपवलं काय? ते मला खोडता आलं नाही. अजूनही येत नाही. पण दारावर टकटक करणाऱ्या त्या पोरींचं काम मला कमी म्हणवत नाही. मी आयुष्यभर तेच केलंय.

दुसऱ्या लाटेचं मात्र मी समर्थन करणार नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात केंद्रीय आरोग्यमंत्री साथ शेवटच्या टप्प्यात असल्याचं सांगत होते, आणि त्याच वेळी अमरावती, यवतमाळ पेटलेलं होतं. सगळ्यांना दिसत होतं. ऑक्सिजनचे १६२ प्लांट मंजूर झाले होते, १८ एप्रिलला मंत्रालयानेच सांगितलं की ३३ बसले. त्याच दिवशी आपल्या राज्यात ६८ हजारांवर नवे पेशंट निघाले. मला हे आकडे पाठ का आहेत विचार. त्या रात्री मी सिलिंडरसाठी फोन करत होतो आणि दीपू शेजारी बसून मोबाइलवरची बातमी मोठ्याने वाचत होता.

तू ज्या जिल्ह्यात आहेस तिथे हे गेल्या वर्षीच ओळखलं गेलं. तिथल्या कलेक्टरांनी, डॉ. भारूडांनी पहिली लाट चालू असतानाच प्लांट उभे करायला घेतले. नंदुरबार! जिथे पाड्यावर जायला रस्ता नाही, नर्मदेच्या काठच्या गावांना बोटीतून दवाखाना जातो. तिथे एप्रिलमध्ये हवा होती आणि पुण्या-नाशकात माणसं तडफडत होती. नाशकात टाकीची गळती होऊन काही मिनिटांत वॉर्डच्या वॉर्ड थंड पडला. म्हणजे पैसा नव्हता, वेळ नव्हता असं कोणी म्हणू नये. वेळ सगळ्यांना सारखाच मिळाला होता. वाईट बातमी आधी कोणी खरी मानली, एवढाच फरक.

आणि इथेच मला तुझ्या वहीबद्दल बोलायचं आहे.

बोलायचं नाही असं ठरवून बसलो होतो. पहिल्या पानावर नाही तर नाही, पण आता आलंच. ती निळ्या पुठ्ठ्याची वही तू आईला दाखवलीस, मला नाही. तू न्हाणीघरात असताना मी ती पाहिली, हे कबूल करतो. पाड्याचं नाव, माणसाचं नाव, वय, ताप किती दिवस, दम कधी लागला, तपासणी झाली का, कुठे नेलं होतं, कोण सांगतंय. मार्च ते जून. शेवटच्या रकान्यात ग्रामसेवकाच्या रजिस्टरला नोंद आहे की नाही. बहुतेक ठिकाणी ‘नाही’. अक्षर अगदी माझ्यासारखं काढतेस, ‘ण’ला गाठ मारतेस. मी खाली ठेवली आणि बाहेर येऊन बसलो. छातीत धडधड होत होती, अभिमानाने की भीतीने ते मला सांगता येणार नाही.

त्या रात्री दारात मी तुला एवढंच म्हणालो की वर पाठवायचं असेल तर एकटीची सही करू नकोस. तू म्हणालीस, “तुम्ही जन्मभर हेच केलंत.”

प्राजू, तुला ते कोणी सांगितलं होतं का? आईने? की सहज बोललीस? कारण ते खरं आहे, आणि मी ते कोणाला सांगितलेलं नाही.

तुझ्या शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. पहिला पाऊस पडून गेला होता. नाल्याशेजारची विहीर, वरून सगळं वाहून आत आलेलं. हगवण-उलटी सुरू झाली. मी पोचलो तेव्हा शाळेच्या दोन खोल्यांत सलाइन लावून माणसं झोपवली होती, खिडकीच्या गजांना बाटल्या टांगलेल्या. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे. डोळे आत गेलेले, हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. चौथीतलं पोरसुद्धा सांगेल, हा कॉलरा. मी फोन करून वरच्यांना सांगितलं. ते म्हणाले, “रिपोर्टला गॅस्ट्रो लिहा. कॉलरा लिहिलं की पेपरात येतं, मग वरून जीपगाड्या येतात. आधी विहिरीत टीसीएल पावडर टाकून घ्या, बघू.”

मी गॅस्ट्रो लिहिलं.

टीसीएल टाकलं, पाण्यातलं क्लोरीन बघायची ओटी टेस्ट घेतली, घरोघर पाण्यात टाकायचं मेडिक्लोर वाटलं, तीन रात्री झोपलो नाही. काम सगळं केलं. पण मोठं पथक आणि नमुने घ्यायची माणसं चौथ्या दिवशी आली, ती पहिल्याच दिवशी आली असती. शेजारच्या वस्तीचं पाणीही त्याच नाल्याचं होतं, तिकडे कोणी बघितलंच नाही. तिथे सात वर्षांची पोरगी गेली. मी गेलो तेव्हा तिची आई गोधडी धुवत होती, त्याच नाल्यात. मी तिला थांबवलं, सांगितलं की इथे धुऊ नकोस, पाण्यात रोग आहे. ती म्हणाली, “कुठला रोग, साहेब?” मी काय म्हणालो असेन? गॅस्ट्रो म्हणालो.

तू तेव्हा त्याच वयाची होतीस. घरी आल्यावर तू पाय धरून लोंबकळायचीस ना, त्या दिवशी मी तुला झिडकारलं होतं. तुला आठवत नसेल.

म्हणून मी राज्यसभेच्या उत्तरावर जे बोललो ते कुठून आलं ते तुला कळेल. तसा रकाना नसतो, बरोबर. पण कॉलराचा रकाना होता. मी तो मोकळा ठेवला.

आता पुढे जे लिहितो ते जरा भाषणासारखं होईल. होऊ दे.

साथीत सरकारचं सगळं काम सगळ्यात खालच्या माणसाच्या कागदावर उभं असतं. ९४ साली मी ते डोळ्यांनी पाहिलंय. आदल्या वर्षी किल्लारीचा भूकंप झालेला, पडक्या घरांत धान्य, उंदीर माजलेले असं तेव्हा सांगितलं जायचं. ऑगस्टच्या सुरुवातीला आपल्या बीडजवळच्या मामला गावचे लोक म्हणाले, घरात पिसवा फार झाल्यात. पिसवा! कोण लक्ष देणार? मग उंदीर मरून पडायला लागले, महिनाअखेरीस काखेत, जांघेत गाठी असलेली माणसं दिसली. प्लेग. आम्ही बिळांत पावडर मारली, घरोघर टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दिल्या, समोर गिळायला लावल्या. पुढच्या महिन्यात सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग आला आणि चार दिवसांत लाखो माणसं शहर सोडून पळाली. दवाखान्यांना कुलपं लागली. भुसावळ, जळगावकडे येणाऱ्या गाड्यांतून माणसं तोंडाला रुमाल बांधून उतरत होती. आखाती देशांनी विमानं बंद केली. देशभरात मृत्यू साठाच्याही आत होते, पण जगभर अब्रू गेली. त्याच सुरतेत एस. आर. राव नावाचे आयुक्त आले आणि दीड-दोन वर्षांत ते शहर देशातल्या स्वच्छ शहरांत आलं. तेच कर्मचारी, तोच पगार. नंतर २००४ मध्ये तुमचा तो साथरोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, उपकेंद्राचा एस फॉर्म, डॉक्टरांचा पी, लॅबचा एल. दर आठवड्याला. मी चौदा वर्षं एस फॉर्म गोळा केले. निम्मे फॉर्म ‘निरंक’ यायचे. गावात ताप नाही असा आठवडा असतो का कधी?

मामल्याहून मी रात्री यायचो. तू आईच्या पोटात होतीस, सातवा महिना लागला होता. मी अंगणातच कपडे काढायचो, आई लांबून बादली सरकवायची, कपडे उकळत्या पाण्यात. पंधरा दिवस ओसरीवर झोपलो. एकदा खिशात कॅप्सूल घेऊन आलो, म्हटलं हिलाही देऊन ठेवावी. बरं झालं आधी डॉक्टरांना विचारलं. ते ओरडलेच, गरोदर बाईला टेट्रासायक्लिन? बाळाचे दात पिवळे पडतात, हाडं बिघडतात. मी कॅप्सूल परत नेऊन दिल्या. तुला पहिला दात आला तेव्हा मी उजेडाला नेऊन बघितला होता. पांढरा होता. हे तुला आईने सांगितलं असेल, ती सगळ्यांना सांगते.

बघ, कुठे निघालो होतो आणि कुठे आलो.

तुला सांगायचं होतं ते हे, की लोक सरकारवर विश्वास ठेवत नाहीत तो काही आजचा राग नाही. तू म्हणालीस, पाड्यावर लशीची गाडी दिसली की लोक डोंगरात जातात, आणि तुझ्या आवाजात चीड होती. मी ८४ ला लागलो तेव्हा आरोग्य खात्याची जीप पाहून गडी माणसं उसात शिरायची. नसबंदीची गाडी म्हणायचे. आणीबाणी उठून सात वर्षं झाली होती, तरी. मला त्या गावांत चहा मिळायला दोन वर्षं लागली. आणि त्याच्याही मागे जा, पुण्यात १८९७ च्या प्लेगात रँडचे सोल्जर घराघरांत घुसले, देवघरापर्यंत. ज्या कायद्याच्या जोरावर घुसले तो चार कलमांचा कायदा त्याच वर्षी फेब्रुवारीत केला होता. गेल्या वर्षी मार्चात आपल्या राज्याने साथीसाठी काढला तोही हाच, १८९७ चा. सव्वाशे वर्षांत माणसाला घरात डांबायचा कायदा तयार आहे, त्याच्यापर्यंत हवा पोचवायचा नाही. त्याच पुण्यात त्याच साली सावित्रीबाईंनी प्लेगचं पोर पाठीवर घालून मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात नेलं आणि त्यातच १० मार्चला गेल्या. दाराशी येणाऱ्या माणसाच्या हातात काय आहे ते लोक आधी बघतात. तुझ्या हातात वही आहे आणि तू त्यांची मेलेली माणसं नावानिशी लिहून घेतेस. आज ना उद्या ते लशीलाही येतील. चिडू नकोस त्यांच्यावर.

आता वहीचं. मी हे चौथ्यांदा म्हणत असेन, पण एकटीची सही करू नकोस.

पाठवू नकोस असं मी म्हणत नाही. त्या रात्री कदाचित तेच मनात होतं, आता नाही. बिहारने जूनमध्ये कोर्टाच्या दट्ट्यानंतर पुन्हा मोजलं, साडेपाच हजारांच्या आतले मृत्यू नऊ हजारांच्या वर गेले. आपल्याकडेही मागचे मृत्यू आता जोडले जात आहेत, रोज पेपरात येतं. म्हणजे वेळ बरोबर आहे. पण तू नवी आहेस, बाँडवर आहेस. उद्या कोणी म्हणालं की या पोरीने मनाने लिहिलं, तर तुझ्या बाजूने कोण उभं राहील? कारणे दाखवा नोटीस काय असते ते मी बघितलंय. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला आली होती, तो दोन महिने जेवला नाही. म्हणून प्रत्येक पाड्याच्या पानावर तिथल्या आशाताईची सही घे, अंगणवाडीच्या बाईची घे, पोलीस पाटलाची घे. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा घे आणि खाली नाव लिही. ‘कोविडने मृत्यू’ असं लिहू नकोस, तपासणी नसताना ते कोणी मानणार नाही. घरचे काय सांगतात ते त्यांच्याच शब्दांत लिही, किती दिवस ताप, वास जात होता का, घरात अजून कोण आजारी होतं. त्याच पाड्यावर मागच्या दोन वर्षांत त्याच महिन्यांत किती माणसं गेली ती संख्या शेजारी मांड. त्यावर कोणाला बोट ठेवता येत नाही. आणि कागद दिलास की आवक नंबर घे, ओसीवर, म्हणजे आपल्या ऑफिस कॉपीवर, पोच घे. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हात उचलू नकोस.

हे सगळं तुला माहीत असेल. तू डॉक्टर आहेस, मी बारावीवर लागलेला माणूस. तुला शिकवायला बसलो याची माफी असावी. पण सहीचं लक्षात ठेव.

तू नोकरीवर रुजू झालीस त्या दिवशी मी पेढे वाटले, हे तुला दीपूने सांगितलं असेल. लॉकडाउनमुळे दुकान बंद होतं, मागच्या दाराने आणले. त्यानंतर मी रोज रात्री तुझ्या तालुक्याचा आकडा बघतो. कमी दिसला की बरं वाटतं, आणि लगेच वाटतं की माझीच पोर सांगतेय हा आकडा खरा नाही, मग मी कशाच्या आधारावर बरं वाटून घेतोय? आता डेल्टा प्लस म्हणतात. तिसरी लाट म्हणतात. परवा तिकडे चिपळुणात पाणी शिरलं, तिथल्या दवाखान्यातले पेशंट वीज जाऊन गेले असं बातम्यांत होतं, आणि आई म्हणाली, प्राजूची ती बोट कसली हो, लाकडाची का लोखंडाची? मला सांगता आलं नाही. लिही.

बापूचं लिहितो आणि संपवतो.

तुला माहीत असलेलं सोडून सांगतो. ऑक्सिमीटरचे आकडे मी कॅलेंडरच्या एप्रिलच्या पानामागे लिहीत होतो, सवयीने. वेळ आणि आकडा. १९ तारखेला सकाळी सहाला ९१. दुपारी ८८. छातीच्या स्कॅनचा, एचआरसीटीचा स्कोअर १८. बेड मिळाला २० ला रात्री, तेही खाली गादीवर. मग सिलिंडर लावल्यावर ९३, त्याच्या तोंडावर हसू आलं, म्हणाला, दादा, वहिनीला सांग उद्या भाकरी आण. २२ ला पहाटे दोन चाळीसला सिलिंडरचा काटा खाली आला. मी तो काटा बघत होतो. गाडी वाटेत होती म्हणे. तीनला ७९. तीन वीसला ६८. पुढचा आकडा मी लिहिलेला नाही. सर्टिफिकेटवर न्यूमोनिया आहे. स्वॅबचा रिपोर्ट आजवर आलेला नाही. त्याच आठवड्यात अंबाजोगाईला एका अॅम्ब्युलन्समध्ये बावीस मृतदेह नेले, तेव्हा काकू म्हणाली होती, आपल्याला निदान वेगळी गाडी मिळाली.

मी काल जिल्ह्याला अर्ज दिला आहे. बापूचा मृत्यू कोविडचा धरावा, आणि कारणाखाली ऑक्सिजन खंडित झाल्याची वेळ नोंदवावी. रकाना नाही, मला माहीत आहे. म्हणून वेगळ्या कागदावर लिहिलं. कॅलेंडरच्या त्या पानाची झेरॉक्स जोडली. खाली माझी सही, त्याखाली ‘सेवानिवृत्त आरोग्य सहाय्यक’ असं लिहिलं, आणि शेजारी काकूची. तिने पूर्ण नाव लिहिलं. टेबलावरचा माणूस कागद ठेवून जा म्हणाला. मी पोच घेऊनच आलो.

त्याची एक प्रत या पाकिटात ठेवली आहे. तुझ्या तक्त्यात बीडचा माणूस बसणार नाही, पण वहीत मागच्या कव्हरला लावून ठेव.

आईने पार्सलमध्ये शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि तुझा जुना रेनकोट घातला आहे, काखेत उसवला होता तो तिने शिवलाय. मास्कचं एक खोकं दीपूने टाकलं आहे. पाड्यावर आशाताईला घेऊनच जात जा. रविवारी टेकडीवर गेलीस तर घरच्या नंबरवर लाव. मी उचलला तर लगेच ठेवू नकोस.

तुझा
अण्णा